लाल स्टँडातले गायधनी

सोमनाथराव गायधनींना फुटबॉलच्या मॅचची सात तिकिटं काढायची होती. काम एवढंच. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून काढलेल्या, आणि त्यातली निदान तीस वर्षं पाण्याच्या पाळीवरून भांडणाऱ्या दोन गावांच्या मधोमध उभ्या राहिलेल्या माणसाला सात तिकिटं म्हणजे किस झाड की पत्ती. निदान त्यांची स्वतःची तशी समजूत होती. त्यांच्या पत्नीची, संध्याताईंची, ती कधीच नव्हती. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मॅच मात्र साधीसुधी नव्हती. नाशिकची गोदा एफसी आणि मनमाडची जंक्शन एफसी म्हणजे लीगमधले हाडवैरी. गोदाचा रंग द्राक्षाचा जांभळा, जंक्शनचा सिग्नलचा लाल. मनमाडला नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येतं आणि नाशिकच्या उशाला धरणंच धरणं, म्हणून मनमाडकरांची मुख्य घोषणा होती, ‘धरण तुमचं, गोल आमचा!’ त्यावर नाशिककर ओरडत, ‘आधी आंघोळ, मग गोल!’ हे उत्तर सोमनाथरावांना मनातून फार आवडायचं. पण हल्ली ते घरात मोठ्यानं म्हणायची सोय राहिली नव्हती, कारण होणारे व्याही मनमाडचे होते.

त्यांच्या स्नेहलनं आजवर एकतीस स्थळं नाकारली होती. एकाला त्याच्या चपलांवरून, एकाला तो ‘मी बोलतो तुमच्या मुलीशी’ असं तिच्यादेखत तिच्या वडिलांना म्हणाला म्हणून. बत्तिसाव्याला, योगेश आहेरला, तिनं भेटून आल्यावर पायातले बूट काढायच्या आधीच ‘हो’ म्हणून टाकलं. योगेशचे वडील किशोरराव रेल्वेत मालगाडीचे लोको पायलट, आई शांत, आणि घरात खरी सत्ता आजीची, म्हणजे कुसाबाईंची. कुसाबाईंच्या माहेरचं येवल्याचं एक स्थळ होतं आणि तीच मुलगी नातसून म्हणून यावी अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी स्नेहलला नाही म्हटलं नाही. पण फोनवर निक्षून सांगितलं, “पौष लागायच्या आत सुपारी फुटली तर फुटली. नायतर येवला काय लांब नाय.”

आता सुपारी फुटणं म्हणजे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी समोरासमोर बसून, सुपारी फोडून लग्न पक्कं करणं. पौष गुरुवारी लागत होता. किशोररावांना त्याआधी सुट्टीचा एकच दिवस होता, रविवार. सोमवारी पहाटे त्यांना मनमाडहून मालगाडी घेऊन निघायचं होतं. आणि रविवारी चार वाजता नाशिकरोडच्या नव्या स्टेडियमवर नेमकी ही मॅच. या दोन संघांची एकही मॅच किशोररावांनी आजवर चुकवली नव्हती, वेळ पडली तर नोकरीत रजा टाकून.

“मग तुम्ही मॅचलाच या ना,” सोमनाथराव फोनवर म्हणाले. “एकत्र बसून बघू, मध्यंतरात सुपारी फोडू, साडेसहाच्या गाडीनं तुम्ही परत.”

“वा! झकास,” किशोरराव म्हणाले. “पण तुम्ही काही त्रास घ्यायचा नाही हं. तिकिटांचं आम्ही बघतो.”

“छे छे! तुम्ही पाहुणे. तुम्ही फक्त यायचं.”

“अहो, तसं कसं...”

“काही बोलू नका!”

असल्या संभाषणात शेवटचा शब्द ज्याचा, त्याला वाटतं आपण जिंकलो. सोमनाथरावांनी फोन ठेवला तो याच समाधानात. तिकडे मनमाडला किशोररावांनीही तो तितक्याच समाधानात ठेवला होता, हे त्यांना कळायला रविवार उजाडायचा होता.

तिकिटं मोबाईलवर काढायची होती. सोसायटीचे सेक्रेटरी नवनाथ पिंगळे हे अशा कामात न बोलावता येतात. ते आले, चहा घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “स्टँड कुठला?”

“आपला. जांभळा.”

“वेडे आहात का? मुलीकडचे तुम्ही! पाहुण्यांना बोलावून शत्रूच्या गर्दीत बसवणार? आजूबाजूचे पाच हजार लोक त्यांच्या आंघोळी काढणार, आणि मध्ये बसून तुम्ही सुपारी फोडणार?”

हे सोमनाथरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“लाल स्टँड घ्या,” पिंगळे म्हणाले. “पाहुण्यांना त्यांच्या माणसांत बसवायचं आणि आपण मान तुकवून त्यांच्या शेजारी बसायचं. याला म्हणतात मानपान.”

लाल स्टँड पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी राखीव होता. मोबाईलनं विचारलं, ‘आपण जंक्शन एफसीचे समर्थक आहात का?’ चौतीस वर्षांच्या नोकरीत सोमनाथरावांनी एकाही कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. त्यांचं बोट अधांतरी राहिलं. शेवटी पिंगळ्यांनीच ते धरून ‘हो’वर टेकवलं.

“पप्पा,” स्नेहल दारातून म्हणाली, “मी योगेशला एकदा विचारून घेऊ का? त्यांनी पण—”

“मुलीकडच्यांनी विचारायचं नसतं. करायचं असतं.”

“अहो, पण तो म्हणत होता—”

“स्नेहल!” सोमनाथराव म्हणाले. ती गप्प बसली. पुढे दोन दिवसांत तिनं आणखी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तिला असंच गप्प बसवण्यात आलं. ही नोंद इथे मुद्दाम करून ठेवली पाहिजे, कारण नंतर सोमनाथराव सर्वांना सांगत होते की आपल्याला कुणी काही बोललंच नाही.

शनिवारी मेन रोडवरून शाल आणली. ती लालच हवी होती, किशोररावांच्या संघाचा मान म्हणून. दुकानदारानं विचारलं, “सत्कार कुणाचा?” सोमनाथरावांनी “मनमाडच्या व्याह्यांचा,” असं सांगितल्यावर तो बिचारा शाल बांधताना नुसती मान हलवत राहिला.

रविवारी साडेतीनला गायधनी कुटुंब लाल स्टँडच्या गेटवर उभं होतं. सोमनाथरावांच्या हातात पिशवी, पिशवीत नारळ, शाल, टोपी, कागदात बांधलेली सुपारी. संध्याताईंच्या पर्समध्ये हळदीकुंकवाची डबी. गेटवरच्या माणसानं पिशवीत हात घातला आणि आधी नारळ बाहेर काढला.

“हे चालणार नाही. फेकण्याजोगी वस्तू.”

“अहो, नारळ कोण फेकेल?”

“मागच्या मॅचला बाटली कोण फेकेल असं वाटलं होतं,” तो शांतपणे म्हणाला आणि नारळाला नंबराची चिठ्ठी चिकटवून त्यानं तो टेबलाखाली ठेवला. मग सुपारी निघाली. त्यानं बोर्डाकडे बोट दाखवलं: तंबाखू, गुटखा, सुपारी, मनाई.

“ही खायची नाही. फोडायची आहे.”

“काका, मी फक्त बोर्ड वाचतो. विचार करायचं काम माझ्याकडे दिलेलं नाही.”

हळदीकुंकवाची डबी ‘रंगीत पावडर’ म्हणून गेली. संध्याताईंनी ती देताना त्या माणसाकडे असं पाहिलं, की त्यानं नजर खाली घातली. पण डबी परत दिली नाही. शेवटी त्यानं सोमनाथरावांना आपादमस्तक न्याहाळलं. “आणि लाल काही घातलेलं नाही तुम्ही. या स्टँडात लाल काहीतरी अंगावर पाहिजे. नाहीतर मी आत सोडत नाही.”

अंगावर घालण्याजोगं लाल असं पिशवीत एकच होतं. व्याह्यांच्या खांद्यावर घालायची सत्काराची शाल स्वतःच्याच खांद्यावर घेऊन, म्हणजे आपणच आपला सत्कार करून घेऊन, सोमनाथराव मान खाली घालून पायऱ्या चढले. मागून स्नेहल हसत होती. मुलीनं बापाच्या अशा प्रसंगी हसू नये, असं त्यांना फार वाटलं.

जागेवर बसतात न बसतात तोच फोन वाजला. “आम्ही आलो!” किशोररावांचा आवाज आनंदानं फुटत होता. “तुमच्या जागा धरून बसलोय, या लवकर!”

“आम्हीही बसलोय! तुमच्या चार जागा रिकाम्या आहेत. हात वर करा बरं.”

“केला.”

सोमनाथरावांनी लाल गर्दीत पाहिलं. असंख्य हात वर होते, पण किशोररावांचा नव्हता. मग स्नेहलनं त्यांची हनुवटी धरली आणि मान हळूच समोर वळवली. मैदानाच्या पार पलीकडे, जांभळ्या समुद्रात, चार माणसं हात हलवत होती. किशोररावांच्या डोक्यावर जांभळी टोपी होती. योगेशनं जांभळा मफलर घातला होता. शेजारी कुसाबाई ताठ बसल्या होत्या आणि त्यांच्याही डोक्यावर, पदरावरून, जांभळी टोपी होती.

“म्हटलं, तुमचा मान ठेवावा,” किशोरराव फोनवर म्हणाले. त्यांचा आवाज आता पडला होता. “तुमच्याच माणसांत बसून बघावी. सात तिकिटं काढलीत. घरी सगळ्यांना सांगितलं, पाहुण्यांना कळू द्यायचं नाही.”

“मी तीनदा सांगत होते,” स्नेहल म्हणाली.

शिट्टी वाजली आणि मॅच सुरू झाली.

इथून पुढे सोमनाथरावांनी मॅच अशी पाहिलीच नाही. त्यांचा जीव पलीकडे अडकला होता. ते उठून खाली कठड्यापाशी गेले. तिथे चमकत्या जाकिटात सुरक्षेच्या प्रमुख साक्षी मॅडम वॉकी-टॉकी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं अगदी सहानुभूतीनं ऐकून घेतलं. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला ही खूण कळायला हवी होती. इतक्या सहानुभूतीनं ऐकणारा अधिकारी काम कधीच करत नाही.

“सॉरी काका. एका स्टँडातून दुसऱ्यात कुणाला सोडत नाही. राडे होतात.”

“काहीच मार्ग नाही?”

“एकच आहे. विरुद्ध संघाचा समर्थक चुकून इकडे बसलेला आढळला, तर आम्ही त्याला बंदोबस्तात त्याच्या स्टँडला पोचवतो. पण तुम्ही तर...” त्यांनी शालीकडे पाहिलं.

“तोच मी!” सोमनाथराव कुजबुजले. “मी नाशिकचा आहे.”

“काय? ऐकू नाही आलं. मोठ्यानं बोला.”

सोमनाथरावांनी मागे वळून पाहिलं. मागे साडेतीन हजार मनमाडकर उभे राहून धरणाच्या नावानं ओरडत होते. मोठ्यानं बोलण्याचा विचार त्यांनी सोडून दिला आणि ते जागेवर परत आले.

शेजारी भिकाभाऊ नावाचा एक धिप्पाड माणूस बसला होता. इंजिनाच्या कारखान्यात कामाला, मनाचा मोकळा. त्यानं सोमनाथरावांच्या मांडीवर शेंगदाण्यांची पुडी ठेवली. “खा पाव्हणं. मनमाडात कुठं राहता?”

“स्टेशनजवळ,” संध्याताई पटकन म्हणाल्या. मनमाडमध्ये सगळंच स्टेशनजवळ असतं, हा त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

“मंग तुमच्याकडं पाणी कितव्या दिवशी येतं?”

“रोज,” सोमनाथराव म्हणाले. त्यांचं लक्ष पलीकडच्या जांभळ्या टोप्यांकडे होतं. “सकाळी सहाला.”

भिकाभाऊचा शेंगदाणा तोंडापाशीच थांबला. पुढच्या रांगेतले दोघे वळले. त्यांच्या पुढचे चौघे वळले. “रोज?” कुणीतरी हळूच म्हणालं.

“रोज वाट बघतो, असं म्हणायचंय त्यांना,” संध्याताई म्हणाल्या. “सकाळी सहाला उठून. सवयच लागलीय.”

भिकाभाऊनं मोठा सुस्कारा सोडला आणि सोमनाथरावांच्या पाठीवर प्रेमानं थाप मारली. “आमची म्हातारी बी अशीच करते. नुसता नळाकडं बघत बसते.” मग तो वाकून म्हणाला, “त्या पाटबंधारेवाल्यांपैकी एक जरी इथं सापडला ना पाव्हणं, तर खांद्यावर घेऊन सगळ्यांकडं फिरवीन त्याला. एकेकाला दोन-दोन मिनटं बोलायला देईन.” सोमनाथरावांनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. आपलं ओळखपत्र घरी राहिलं याबद्दल त्यांनी त्र्यंबकराजाचे आभार मानले.

मध्यंतर आलं नि गेलं. शून्य-शून्य. सुपारी गेटवर, नारळ टेबलाखाली, व्याही शंभर मीटरवर. फोनवर किशोरराव म्हणाले, “सोमनाथराव, जरा अवघड झालंय. आई बोलत नाहीये. म्हणते, हे लोक आपल्याला बोलावून स्वतः लांब जाऊन बसले. येवल्याचा फोनही आत्ताच येऊन गेला.”

“त्यांना सांगा ना, चूक झाली.”

“सांगितलं. ती म्हणते, चूक दोघांची कशी होईल? एकाची तरी मुद्दाम असणार.”

सोमनाथरावांनी स्नेहलकडे पाहिलं. ती आता हसत नव्हती. हातातल्या मोबाईलवर बोट ठेवून, काही न टाइप करता नुसती बसली होती. एकतीस वेळा या मुलीनं ‘नाही’ म्हटलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला होता. बत्तिसाव्या वेळी तिला हवा असलेला एकच माणूस त्यांना तिला मिळवून देता येत नव्हता, आणि तेही काही मोठ्या कारणानं नव्हे, आपल्या शहाणपणानं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. ‘आज काहीही होवो,’ ते मनात म्हणाले, ‘फक्त नाशिकनं गोल मारू नये. म्हातारी आधीच तापलीय.’ आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या गावाच्या विरोधात देवाला साकडं घातलं.

एकाहत्तराव्या मिनिटाला डाव्या बगलेतून गोदाच्या मंगळूला चेंडू मिळाला. मंगळू हरसूलचा. डोंगरउतारावर खेळून पाय तयार झालेला, दिसायला काडी, पण सुटला की कुणाच्या बापाला ऐकत नाही. त्यानं एकाला डावीकडून टाकलं, दुसऱ्याला उजवीकडून. सोमनाथराव ‘नको, नको’ म्हणत होते. तिसरा घसरून आडवा आला, मंगळूनं त्याच्यावरून उडी मारली आणि चेंडू जाळीत गेला.

“गोऽऽल! अरे मंगळ्या, वाघा! गोऽऽल!”

साडेतीन हजार माणसं सुन्न होऊन खाली बसली होती आणि त्यांच्या मधोमध खुर्चीवर उभा राहून एकच माणूस लाल शाल डोक्यावर गरगर फिरवत होता. तो माणूस आपण आहोत हे सोमनाथरावांना मोठ्या पडद्यावर पाहून कळलं. कॅमेरावाल्यानं त्यांना पडद्यावर धरलं होतं आणि सोडायला तयार नव्हता. त्यांनी हळूच शाल खाली घेतली. पडद्यावरच्या सोमनाथरावांनीही घेतली. “आधी आंघोळ!” असं ते मघाशी ओरडले होते की नाही, याबद्दल पुढे मतभेद झाले. संध्याताईंच्या मते ओरडले होते, आणि तेही दोनदा.

“तरी म्हणलं,” भिकाभाऊ अत्यंत दुःखानं म्हणाला, “रोज पाणी कसं येतंय!”

पण साक्षी मॅडम दोन पोलिसांसह पोचल्या होत्या. नियम तो नियम. विरुद्ध संघाचा समर्थक आढळला होता. गायधनी कुटुंबाला बंदोबस्तात खाली उतरवण्यात आलं. मागून मनमाडकरांनी पाण्याच्या विषयावर बरंच काही सांगितलं. संध्याताई अशा चालल्या होत्या जणू त्यांना पोलीस सन्मानानं मंडपात नेत आहेत. सोमनाथराव मात्र पोलिसांच्या मागे लपत चालले होते. ज्या स्टँडात जायला त्यांनी दुपारभर गयावया केली, तिथेच त्यांना नेलं जात होतं, आणि आता तिथे जायला तोंड राहिलं नव्हतं. आहेरांनी तो पडदा पाहिलाच असणार.

मैदानाच्या कडेनं, जाहिरातींच्या फळ्यांमागून, ते गोलच्या पाठीमागे पोचले असतील नसतील, तोच लाल स्टँड फुटल्यासारखा ओरडला. जंक्शननं बरोबरी केली होती. आणि त्या गोंगाटाहूनही वर, पलीकडच्या जांभळ्या स्टँडातून, एक म्हातारा, खणखणीत आवाज ऐकू आला.

“हाण्णाऽऽ! आता पाजा पाणी त्यांना! धरण तुमचं, गोल आमचाऽऽ!”

मोठ्या पडद्यावर आता कुसाबाई होत्या. जांभळी टोपी त्यांनी पायाखाली घेतली होती आणि काठी उगारून त्या पाच हजार नाशिककरांना आव्हान देत होत्या. किशोरराव त्यांचा पदर धरून ओढत होते. साक्षी मॅडमचा वॉकी-टॉकी खरखरला. त्यांनी कपाळावर हात मारला आणि दुसरी तुकडी तिकडे रवाना केली.

तर अशा रीतीनं दोन्ही घरांची गाठ पडली ती मैदानाच्या कडेला, बरोबर मधल्या रेघेपाशी. इकडून पोलिसांच्या पहाऱ्यात गायधनी येत होते, तिकडून पोलिसांच्या पहाऱ्यात आहेर. दोघेही एकमेकांसमोर थांबले. तीस वर्षं कालव्यावर भांडणं मिटवताना न सुटलेला घाम सोमनाथरावांना त्या क्षणी सुटला.

कुसाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आमच्या रंगाची शाल पांघरून आमच्याच उरावर नाचता व्हय?”

सोमनाथरावांनी हात जोडले. एरवी त्यांनी चार वाक्यांची प्रस्तावना केली असती. आज ती सुचली नाही. “आजी, चुकलं. तुमचा मान ठेवायचा म्हणून खोटं बोलून लाल स्टँडात बसलो. तिकीट काढताना खोटं बोललो, शेजाऱ्याशी खोटं बोललो. पण गोल झाला तेव्हा खोटं बोलता आलं नाही. माझ्या मूर्खपणाची शिक्षा पोरीला देऊ नका. तिनं पहिल्यांदाच कुणाला तरी हो म्हटलंय.”

कुसाबाई स्नेहलकडे बघत होत्या. स्नेहल योगेशकडे बघत होती, आणि योगेश बघण्याजोगं काही नसलेल्या जमिनीकडे.

“सत्तर मिनटं,” कुसाबाई शेवटी म्हणाल्या, “सत्तर मिनटं मी जीभ चावून बसले. ह्या किशोरनं डोक्यावर टोपी घातली, म्हणला, आई, व्याह्यांसाठी गप बस. अगं बाई, मला वाटलं, ज्या घरात एवढं गप बसायला लागतंय तिथं नातू कसा द्यायचा? तवर तुम्ही त्या पडद्यावर दिसले, माकडावानी नाचताना.” त्यांचा चेहरा हलला. “मंग मला बी राहवलं नाय.”

“आजी, पुढे चला,” एक पोलीस म्हणाला.

“थांब रे! लग्नाचं बोलतेय.” त्यांनी सोमनाथरावांपुढे हात केला. “सुपारी काढा.”

“गेटवर जप्त झाली.”

कुसाबाईंनी कमरेची चंची सोडली आणि एक अख्खी सुपारी तळहातावर ठेवली. ऐंशी वर्षांच्या म्हातारीची झडती घ्यायची हिंमत जांभळ्या गेटवर कुणाला झाली नव्हती. फक्त अडकित्ता तेवढा काढून घेतला होता. आता सुपारी होती आणि फोडायला काही नव्हतं. किशोररावांनी ती दातानं फोडायचा प्रयत्न केला आणि दात धरून बाजूला झाले. सोमनाथरावांनी फळीच्या खांबावर आपटली. ती उडून गवतात गेली आणि सापडेपर्यंत सगळ्यांचे जीव टांगणीला लागले.

जवळच दोन्ही संघांचे एकेक राखीव खेळाडू शरीर गरम करत पळत होते, एक लाल, एक जांभळा. कुसाबाईंनी काठी आडवी घातली. “ए पोरांनो, इकडं या. ह्या बुटांना खिळे हायत ना?”

“आजी, पायाखाली?” सोमनाथराव दचकले. “शुभकार्याची सुपारी...”

“हे पायानंच पोट भरत्यात ना? मंग ह्यांचा पायच ह्यांचा हात. दोघांनी मिळून मारा रे. एकट्यानं नाय.”

किशोररावांनी रुमाल अंथरला, कुसाबाईंनी त्यात सुपारी ठेवून घडी घातली. लाल पोरानं टाच मारली. काही झालं नाही. जांभळ्यानं मारली, नुसता आवाज आला. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, एकमेकांचे खांदे धरले आणि एकदमच उडी मारली. रुमाल उघडला तेव्हा सुपारीचे तुकडे झाले होते.

“फुटली!” किशोरराव ओरडले आणि त्यांनी सोमनाथरावांना कडकडून मिठी मारली. ती व्याहीभेट होती. मंडप नव्हता, सनई नव्हती, पण व्याहीभेटच होती. सोमनाथरावांनी लाल शाल व्याह्यांच्या खांद्यावर घातली. किशोररावांनी जांभळी टोपी व्याह्यांच्या डोक्यावर ठेवली. कॅमेरावाल्यानं तेही टिपलं असणार, कारण एकाएकी दोन्ही स्टँड एकदम ओरडू लागले, आणि ते कुठल्या संघासाठी ओरडत होते हे कुणालाच सांगता आलं नसतं. लाल स्टँडातून भिकाभाऊचा आवाज तेवढा वेगळा आला, “पोरीला पाण्याचं नीट सांगून धाडा होऽऽ!”

“झालं का?” साक्षी मॅडमनी डोळ्यांच्या कडा पुसून पुन्हा अधिकाऱ्याचा चेहरा केला. “आता नाशिकवाले तिकडे, मनमाडवाले इकडे. चला.”

सगळे निघाले. स्नेहल मात्र मध्येच उभी राहिली. एक पाऊल इकडे, एक तिकडे. कुसाबाईंनी ते पाहिलं. “जा, जा,” त्या म्हणाल्या. “माघापर्यंत त्यांचीच हायेस. आणि बापाजवळ बस. त्याला एकट्याला कुठं बसायचं ते कळत नाय.”

शेवटची सात मिनिटं सोमनाथराव आपल्या जांभळ्या स्टँडात, आपल्या माणसांत बसले होते. मंगळूनं आणखी एकदा चेंडू खांबावर मारला, सगळा स्टँड हळहळला, आणि त्यांना ते दिसलंही नाही. ते पलीकडे पाहत होते. तिथे लाल गर्दीत, त्यांनीच काढलेल्या जागांवर, आहेर बसले होते. माघात लग्न. पुढच्या मोसमात त्या रांगेत आणखी एक जागा भरलेली असेल. एकतीस वेळा ज्या गोष्टीची त्यांनी घाई केली होती, ती आता झाली होती, आणि माघ फारच जवळ वाटत होता.

“स्नेहल,” ते म्हणाले, “पुढच्या वर्षी तू तिकडे बसशील ना गं?”

“हो.” तिचं लक्ष चेंडूवर होतं. “आणि नाशिकनं गोल मारला की खुर्चीवर उभी राहून ओरडेन.”

“वेडी आहेस का? पोलीस येतील.”

“मग येऊ देत ना, पप्पा. ते मला आणून तुमच्याकडेच सोडतील.”

सोमनाथरावांनी डोळे पुसायला खांद्यावरची शाल ओढली, तर ती तिथे नव्हती. मग त्यांनी मुलीच्या ओढणीचं टोक घेतलं.